कावळ्याला सांगितलेला खुनी

माझं शिक्षण चौथी. पुढं शाळा नव्हती, आणि असती तरी मेंढरांमागं कोण जाणार होतं. पण वाचता यायचं. वाचायची गोडी लागली ती एका खुनामुळं.

आमचं गाव खुलताबादच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. तिथं रस्त्याचं मोजमाप करायला एक ओव्हरसियर आला होता. शाळेच्या पडवीत राहायचा. तो गेला तेव्हा मागं एक कंदील आणि एक पुस्तक राहिलं. कंदील मास्तरांनी नेला. पुस्तकाच्या कव्हरावर एक बाई किंचाळत होती, म्हणून ते कुणी घरात घेईना. मी घेतलं आणि मेंढरांत बसून वाचलं.

एका बंगल्यात एक श्रीमंत म्हातारा मरून पडतो. घरातल्या प्रत्येकाला तो मेलेला हवाच असतो. मग एक गुप्तहेर येतो. लठ्ठ, दमेकरी, चार पावलं चालला की बसणारा. तो कुणावर ओरडत नाही, कुणाला मारत नाही. नुसता बघतो. शेवटी कळतं, की खून घड्याळवाल्यानं केला. दर आठवड्याला भिंतीवरच्या घड्याळांना चावी द्यायला येणारा माणूस. तो कधी आला, कधी गेला, हे घरात कुणाला सांगता येत नव्हतं.

मी शेवटच्या पानावर होते तेव्हा आमची मेंढरं शेजाऱ्याच्या हरभऱ्यात होती. बापानं मला झोडपलं आणि पुस्तक चुलीत घातलं. मार खाताना माझ्या डोक्यात एवढंच होतं, की आपल्याकडं घड्याळ नाही, त्यामुळं आपल्या घरात खून होणार नाही.

लग्न होऊन बिडकीनला आले. तिथं वाचणारी सून म्हणजे कामचुकार सून. कांदे चिरताना मांडीवर जुना पेपर पसरला तरी सासू विचारायची, तो पेपर कांद्यासाठी आहे की तुझ्यासाठी. मालक बसवर कंडक्टर होते. काही वर्षांनी त्यांना शहरातला डेपो मिळाला आणि आम्ही गारखेड्यात एक खोली आणि स्वयंपाकघर घेतलं. बिडकीन सुटलं. त्या दिवशी मी कुणाला न सांगता पेढे खाल्ले.

त्यानंतर माझं खरं वाचन सुरू झालं. लोक बसमध्ये पुस्तकं विसरतात. पोथी कुणी विसरत नाही, गाईड कुणी विसरत नाही. विसरतात त्या रहस्यकथा. मालक त्या डेपोत जमा करायचे, तिथं कुणी मागायला यायचं नाही, मग परत घरी आणायचे. माळा भरला. त्यांना स्वतःला वाचायचा कंटाळा. दिवसभर तिकिटं वाचून डोळे दुखतात म्हणायचे. म्हणून ते भाकरी खायचे आणि मी वाचायची. खुनी सापडायच्या आधी मी पुस्तक मिटायची आणि विचारायची, सांगा कोण.

त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. कथेत जी कुणी चहा घेऊन येईल तिनंच खून केला. एवढ्या वर्षांत त्यात बदल झाला नाही. एकदा मी म्हणाले, "अहो, ती चहावाली दुसऱ्याच प्रकरणात मेली."

"मग मरायच्या आधी करून गेली असंल."

"ती मेली सकाळी. खून झाला संध्याकाळी."

"बाईमाणूस कामाचं नियोजन करून ठेवतं," ते म्हणाले आणि ताट धुवायला उठले.

त्यांचं एकदाही बरोबर आलं नाही. पण दर वेळी तोंड असं व्हायचं, की लेखकच चुकला.

पडद्यावरच्या गुप्तहेरांवर माझा वेगळा राग आहे. पुस्तकातला माणूस विचार करतो. तो विचार पडद्यावर दिसत नाही, म्हणून हे लोक त्याला पळवतात. पुस्तकात जो पायरी चढताना धापा टाकतो तो सिनेमात गच्चीवरून गच्चीवर उड्या मारतो. आणि त्याला बाई लागते. बागेत गाणं लागतं. खून झालेला माणूस आत तसाच पडलेला आणि हे दोघं बाहेर झाडाभोवती. मला टॉकीजमध्ये ओरडावंसं वाटायचं, की आधी दार बंद आहे का ते तर बघा. तरी एकही सिनेमा सोडला नाही. मालक मध्यंतरात उठून सगळ्या रांगेला सांगायचे, मोलकरणीवर नजर ठेवा. लोक त्यांचं ऐकायचे. अंगावर खाकी असायची ना. पुढं घरात टीव्ही आला, मग आमची भांडणं घरातच व्हायला लागली.

पण त्या पहिल्या पुस्तकाची गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही. म्हणायची, ते पुस्तक मिळालं की वाचून दाखवीन, तोंडी सांगून त्याची माती करणार नाही. ते विचारायचे, निदान खुनी तरी सांग. मी नाही सांगितलं. पुस्तक कुठं मिळालं नाही.

आणि मग गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला टीव्हीवर एक मालिका लागली. दर शुक्रवारी. पहिल्या दहा मिनिटांत म्हातारा मेला, भिंतीवर घड्याळं दिसली, आणि मी हातातलं ताट खाली ठेवलं. तीच गोष्ट. गुप्तहेर अर्थातच पोरगेलासा होता, दंड फुगवून हिंडणारा, दम्याचा पत्ता नाही. पण गोष्ट तीच. घड्याळवाला दिसला तेव्हा मी तोंड दाबून बसले. एवढ्यात स्वयंपाकीण चहाचा ट्रे घेऊन आली आणि मालक कॉटवर उठून बसले.

"हीच," ते म्हणाले.

मी हसले. ते म्हणाले, हस, या वेळी बघ. दर शुक्रवारी ते मला शेवट विचारायचे आणि मी म्हणायची, इतकी वर्षं थांबलात, आणखी थोडं थांबा.

शेवटचा भाग राहिला होता तेव्हा, सोमवारी दुपारी, ते गेले. चहा पिऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हार्ट. चहा मीच दिला होता. त्यांच्या हिशोबानं खुनी मीच.

आम्हाला मूलबाळ नाही. सगळं करायला दीर आला, बिडकीनहून. मालकांपेक्षा धाकटा. कारखान्यांच्या पट्ट्यात त्याची जमीन गेली, त्या पैशांतून त्यानं दुमजली घर बांधलं आहे. जिन्यालासुद्धा फरशी. माणूस वाईट असता तर माझं काम सोपं होतं. तो चांगला आहे. घरात आल्यापासून एकच म्हणत होता, वहिनी, आता तुम्ही इथं एकट्या राहायचं नाय, वरची खोली तुमचीच.

मी म्हणाले, बघू. तो म्हणाला, बघायचं काय त्यात. जाऊ म्हणाली, ताई, आपण दोघी मिळून कीर्तन बघू की टीव्हीवर. ती सकाळी कीर्तन लावते ते झोपेपर्यंत, आणि त्यावर स्वतः बोलत राहते. रिमोट तिच्या कमरेला खोचलेला असतो. मी बिडकीनला सून म्हणून राहिले आहे. म्हातारपणी पाहुणी म्हणून राहायचं, रिमोट मागून घ्यायचा आणि माळ्यावरची पुस्तकं रद्दीला घालायची, एवढं माझ्याच्यानं होणार नव्हतं. पण सगळ्या नातेवाइकांसमोर चांगल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, ते कुठल्या पुस्तकात दिलेलं नाही.

शुक्रवारी शेवटचा भाग लागून गेला. सुतकात टीव्ही लावत नाहीत.

दहावा पैठणला केला, नदीवर. क्रियेला पुतण्या बसला होता, दिराचा मुलगा. तो कंपनीत कामाला आहे, डोक्याचा गोटा केलेला. पिंड मांडले, पानावर मालकांच्या आवडीचं सगळं ठेवलं. चहाचा कपही ठेवला. मग सगळे मागं सरकून बसले आणि कावळ्याची वाट बघू लागले.

आमच्याकडं याची फार कडक पद्धत आहे. कावळा शिवेना तर घरचे एकेक जण हात जोडून मेलेल्याला वचन देतात. ज्याच्या बोलण्यावर कावळा शिवेल ती त्याची राहिलेली इच्छा, आणि ती पाळायची. माझ्या चुलत सासऱ्यांच्या दहाव्याला कुणीतरी म्हणालं, बैल विकणार नाही, आणि कावळा आला. तो बैल पुढं काही कामाचा राहिला नाही, शिंगं मारायचा, पण दावणीलाच म्हातारा होऊन मेला. विकायची कुणाची छाती झाली नाही.

आजूबाजूच्या लोकांचे पिंड कावळ्यांनी पटापट खाल्ले. आमच्या समोरच्या पिंपळावर एक कावळा होता. तो खाली यायचा, मान वाकडी करून बघायचा आणि परत वर जायचा. पुतण्या म्हणाला, काका, काकूला काही कमी पडू देणार नाही. कावळा हलला नाही. जाऊ म्हणाली, भावजी, वर्षश्राद्ध मोठं करू. कावळ्यानं पाठ फिरवली. गुरुजींना पुढं आणखी दोन ठिकाणी जायचं होतं, ते मोबाइल बघत होते.

मग दीर उठला. ऊन कडक होतं आणि त्यानं सकाळपासून डोक्यावर मोठी काळी छत्री धरली होती. आता हात जोडायचे म्हणून ती मिटून त्यानं पाठीमागं ठेवली.

"भाऊ," तो म्हणाला, "वहिनीची काळजी करू नगंस. मी त्यांना बिडकीनला नेतो. वरची खोली त्यांचीच."

कावळा खाली आला.

सगळे पुढं वाकून बघायला लागले. मीही. कावळा उड्या मारत पुढं पुढं यायला लागला. मला समोर वरची खोली दिसायला लागली, जिन्याची फरशी, कीर्तन, जावेच्या कमरेचा रिमोट. पिंडापासून हातभर राहिला तेव्हा मी म्हणाले, "भाऊजी, ऊन लई लागतंय हो मला."

माणूस चांगला म्हटलं ना. त्यानं लगेच छत्री उचलली, उघडली आणि माझ्या डोक्यावर धरली. कावळा ओरडत पिंपळावर गेला.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझा बाप मेंढवाड्याजवळ काठीला काळ्या घोंगडीचा तुकडा बांधायचा. मेंढरांच्या पाठीवर जखम असली की कावळे ती टोचतात, आणि काळं काही लोंबताना दिसलं की त्यांना वाटतं कावळाच मरून टांगला आहे. मग फिरकत नाहीत. सकाळपासून या कावळ्याला कसली इच्छा नव्हती आणि कसला राग नव्हता. त्याला छत्री आवडत नव्हती. लठ्ठ गुप्तहेराला मी इतकी वर्षं मानत आले ते उगीच नाही. बघत बसलं की दिसतं.

दिरानं पुन्हा वचन दिलं. छत्री खाली ठेवली, हात जोडले, कावळा उतरला, मला ऊन लागलं, छत्री वर गेली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, वहिनी, तुम्ही त्या झाडाखाली जाऊन बसा. मी म्हणाले, यांना सोडून कुठं जाऊ. जाऊ रडायला लागली. मलाही थोडं वाईट वाटलं, पण उठले नाही.

गुरुजींनी मोबाइल खिशात घातला. म्हणाले, आता फार उशीर झाला, दर्भाचा कावळा करून शिवतो. दीर म्हणाला, करा, पण वचन माझंच धरा, कावळा तीनदा माझ्याच बोलण्यावर आला होता. गुरुजी म्हणाले, तसंच दिसतंय. दर्भ काढायला लागले.

मी म्हणाले, थांबा. मला बोलायचं आहे.

बायको बोलत नाही तिथं. पण मालक होते तोवर मी बोलतच आले होते. दिराच्या हातातली छत्री घेतली, म्हणाले, मला ही टेकून उभं राहायचं आहे. मिटली. मग उभी राहिले नाही, तशीच खाली बसले आणि छत्री मांडीखाली घातली. पिंपळाकडं बघितलं. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. गारखेड्यातच राहीन म्हणाले असते तर दिराला लागलं असतं. मालकांनी शेवटपर्यंत माझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती, तीच तोंडात आली.

"अहो, ऐका," मी म्हणाले. "घड्याळवाला. घड्याळवाल्यानं मारलं."

कावळा आला, थेट पिंडावर बसला आणि खायला लागला. त्याच्यामागं आणखी दोन आले.

 मग दिरानं अगदी हळू विचारलं, "वहिनी, कोणता घड्याळवाला?"

मी म्हणाले, मालिकेतला. त्याला ते ऐकूच गेलं नाही. तो पुढं म्हणाला, "म्हणजे अटॅक नव्हता? मला नाव सांगा. आजच्या आज बघतो त्याच्याकडं." जावेनं कपाळावर हात मारला आणि मागच्या माणसांना सांगितलं, की भावजींना मारलंय. मागच्या माणसांनी त्यांच्या मागच्यांना सांगितलं. दिराचा एक मेहुणा पोलिसांत जायचं म्हणून गाडीची किल्ली शोधायला लागला. त्यांना सगळं समजावून सांगेपर्यंत भात संपला होता आणि कावळे गेले होते.

सगळ्यांत जास्त राग पुतण्याला आला. तो गोटा चोळत म्हणाला, "काकू, मी शेवटचा भाग राखून ठेवला होता. सुतक फिटलं की बघणार होतो. आता काय बघायचं त्यात."

पण पद्धत म्हणजे पद्धत.  परतीच्या वाटेवर बिडकीन आलं तेव्हा गाडीतून उतरताना दीर म्हणाला, भावाची इच्छा ती नव्हती म्हणायची, दुसरं काय. मग ड्रायव्हरला सांगितलं, वहिनींना गारखेड्याला सोड.

घरी येऊन मी चहा केला. एकटीनं घर उघडायची सवय नव्हती, कुलूप उलटंच फिरवत होते. पण माळा जागेवर होता आणि रिमोट कॉटवर पडला होता.

तेरावा झाला. त्यानंतरच्या रविवारी सकाळी टीव्हीवाल्यांनी शेवटचा भाग परत दाखवला. मी भाकरी टाकायची सोडून बसले. गुप्तहेरानं सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं. घड्याळवाला कोपऱ्यात उभा होता. मला वाटलं, आता. गुप्तहेर त्याच्यासमोर गेला, त्याच्याकडं बघितलं आणि पुढं निघून गेला. थांबला तो स्वयंपाकिणीसमोर. तिच्या हातात ट्रे होता.

पुस्तक बदललं होतं. घड्याळवाला निर्दोष. चहावालीनं मारलं.

मी टीव्ही बंद केला. कॉटकडं बघितलं. इतक्या वर्षांत माणसाचं एकदा बरोबर आलं आणि ते हक्कानं सांगायला माणूस नाही. एखादा महिना तरी त्यांनी मला जेवू दिलं नसतं.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि ती काही चांगली नव्हती. मी घाटावर सांगितलेला शेवट चुकीचा होता. कावळ्याच्या रूपानं मालक आले असते तर चहावालीचं नाव घेतल्याशिवाय त्यांनी भाताला तोंड लावलं नसतं. मला ते माहीत आहे, मी त्यांच्याशी संसार केला आहे. म्हणजे छत्रीचं कळलं असूनही मनात जी थोडी आशा होती तीही गेली, कावळा माझ्या बोलण्यावर आला नाही. तो छत्री मिटली म्हणून आला. आणि छत्री मिटली म्हणून आला असेल तर माझं बोलणं जेवढं खरं तेवढंच दिराचं वचन, आणि वरच्या खोलीचा प्रश्न तसाच उभा आहे. हे मी दिराला सांगितलेलं नाही. पुतण्याकडून कळेल अशी भीती होती, पण शेवट फुटला म्हणून त्यानं ती मालिका परत लावलीच नाही. आणि दिरानं आयुष्यात पुस्तक उघडलेलं नाही, त्यामुळं इथं लिहायला हरकत नाही.

पितृपक्षात दीर आला. मी पान घेऊन आधीच गच्चीवर गेले होते. कठड्यावर पान ठेवलं आणि म्हणाले, "चहावालीच निघाली. तुमचं बरोबर होतं." कावळा आधीपासूनच खीर खात होता. माझ्याकडं त्यानं बघितलंही नाही.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. दीर वर आला, बगलेत छत्री. कावळा उडून पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला, पण दूर गेला नाही, त्याचं अर्धं पान राहिलं होतं. दिरानं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, छत्री पाठीमागं टेकवली आणि हात जोडले.

"भाऊ," तो म्हणाला, "वरची खोली मी अजून तशीच..."

कावळा टाकीवरून खाली उतरला.

पितृपक्षातलं ऊन तसं काही फार नसतं, आणि त्या दिवशी तर आभाळच होतं. मी पदर डोक्यावर ओढला.

"भाऊजी," मी म्हणाले, "लई ऊन लागतंय हो."

त्यानं छत्री उघडली आणि माझ्या डोक्यावर धरली. माणूस खरंच चांगला आहे.